पट्ट्याचा ठोका

माझा व्यवसाय गाद्या भरण्याचा. संगीत या विषयाशी माझा संबंध केवळ भाचीमुळे आला. त्यामुळे प्रस्तुत हकिगतीत संगीतविषयक एखादे विधान चुकीचे आढळल्यास जाणकारांनी ते सांभाळून घ्यावे. मात्र जे घडले ते मी समक्ष पाहिले आहे, आणि त्यातील कोड्याने मला कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

भाची ड्रम वाजवते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, हे वाद्य घरात नको होते. ताईचे म्हणणे असे की मुलीला वाजवायचेच असेल तर तिने शेजाऱ्यांना पत्ता लागणार नाही असे काहीतरी वाजवावे. अखेर तडजोड होऊन सदर वाद्य माझ्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला कापूस पिंजायचे मशीन, मध्ये शिवणाचे टेबल आणि दुसऱ्या टोकाला तयार गाद्यांच्या छताला टेकलेल्या थप्प्या. त्या थप्प्यांमागे भाचीने आपले बस्तान मांडले. गाद्या आवाज गिळून टाकतात. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, आत कोणी उशी झटकत आहे.

यथावकाश तिचे साथीदार आले. गाणारा मुलगा उंचीने इतका की त्याला सगळे लांब्या म्हणत. गिटार वाजवणारा कायद्याचे शिक्षण अर्धवट सोडून आलेला, म्हणून वकील. शिक्षण सुटले तरी युक्तिवाद सुटला नव्हता. तिसरा जाड तारांची गिटार वाजवी आणि दिवसाकाठी दोन वाक्ये बोले. त्याला मौनी हे नाव मीच दिले. एकदा मी कारागिराला ओरडलो की कडेला उलट टाका घाल, नाहीतर गादी उसवेल. ते ऐकून लांब्याने बँडचे नाव ‘उलट टाका’ ठेवले. माझ्या तोंडची गोष्ट एवढी मानाला चढण्याची ही पहिलीच वेळ.

त्यांच्या संगीताला ऑल्टर्नेटिव्ह रॉक म्हणतात. याचा अर्थ मी वकिलाला विचारला. तो म्हणाला, जे नेहमीचे नाही ते. मग सगळेच असे वाजवू लागले तर काय, असे मी विचारल्यावर तो बराच वेळ बोलला, परंतु उत्तर काही हाती लागले नाही.

त्यांचा सराव चाले तेव्हा माझे मशीनही चाले, कारण गिऱ्हाईक थांबत नाही. सुरुवातीला मी मशीन बंद करण्याची तयारी दाखवली होती. लांब्या म्हणाला, राहू द्या मामा, आम्हाला काही अडचण नाही. मग कोणाच्याच ते ध्यानात राहिले नाही.

आरंभी ते एका कॉलेजच्या आवारात वाजवत, नंतर एका कॉफीच्या दुकानात, मग तळघरातल्या एका छोट्या सभागृहात. दुपारी कारखान्यात सराव करायचा, सामान माझ्या टेम्पोत टाकायचे आणि तसेच कार्यक्रमाला जायचे, हा त्यांचा परिपाठ. ऐकणारे लोक म्हणत की या बँडचे गाणे श्वास घेते. गाणे मध्येच किंचित जड होई, थबके, आणि पुन्हा हलके होऊन पळू लागे. हे कसे करता, असे एकाने विचारले तेव्हा चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. तसे ते होत असे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

पुढे त्यांनी कारखान्यातच काही गाणी ध्वनिमुद्रित केली. ती फोनवरून फिरत फिरत परदेशातील एका बाईंच्या कानी पडली. एका नामांकित बँडच्या दौऱ्याची व्यवस्था त्या बाईंकडे होती. मोठ्या बँडच्या आधी वाजवण्यासाठी त्यांना एखादा नवा बँड हवा होता. अशा रीतीने गाद्यांच्या थप्पीमागून निघालेली ही मंडळी एकदम विमानात बसली.

ताईने अट घातली होती की मामा सोबत जाणार असेल तरच मुलगी जाईल. मला वाहन चालवता येते, अवजड सामान उचलता येते आणि भाषा येत नसल्यामुळे मी कोणाशी भांडणार नाही, असा विचार करून बँडनेही मला आनंदाने नेले. मी कारखाना कारागिरांच्या हवाली केला.

पहिल्या गावी कार्यक्रम उत्तम झाला. आम्ही आदल्याच दिवशी उतरलो होतो. बाई हसल्या, मोठ्या बँडमधील लोकांनी पाठी थोपटल्या. दुसऱ्या गावी एक गाणे असे पळाले की जणू त्याची बस सुटत होती. तिसऱ्या गावी तर लांब्या एकीकडे, भाची दुसरीकडे आणि वकील कोणाच्या बाजूने जावे या विवंचनेत. माप न घेता शिवलेली खोळ गादीवर जशी कुठे ताणते आणि कुठे लोंबते, तशी त्या गाण्यांची अवस्था झाली.

वाजवणारे तेच, वाद्ये तीच, गाणी तीच. मग दर गावागणिक बिघाड का वाढावा? या प्रश्नाने मला पछाडले. वकिलाच्या मते झोप पुरत नव्हती. लांब्याच्या मते थंडीने भाचीचे हात आखडले होते. माझा संशय तिथल्या बेचव जेवणावर होता, पण ते तर सगळेच खात होते. मी भाचीलाच विचारले. ती म्हणाली, “हात तेच आहेत मामा. पण वाजवताना खाली जमीन असल्यासारखं वाटत नाही.”

चौथ्या गावी बाईंनी तिच्या कानात एक यंत्र बसवले. त्यात घड्याळाप्रमाणे सारखी टिकटिक होते आणि वाजवणाऱ्याने त्याबरहुकूम वाजवायचे असते. त्या दिवशी एकही गाणे चुकले नाही. परंतु प्रेक्षक आपापसात गप्पा मारू लागले. मला संगीत कळत नसले तरी पाठ फिरवलेला माणूस कळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सर्वांना बसवून सांगितले आणि वकिलाने ते मला समजावले. पुढच्या गावी दुपारी मैदानात कार्यक्रम आहे. तिथेही असेच झाले तर उरलेल्या दौऱ्यात भाचीच्या जागी मोठ्या बँडचा ड्रमवाला बसेल. तो अत्यंत अनुभवी आहे. भाचीला कोणी घरी पाठवत नाही, ती हवे तर सामान सांभाळू शकते. यावर बँडचे काय म्हणणे आहे, असे बाईंनी विचारले. भाचीने लांब्याकडे पाहिले. लांब्या आपल्या बुटाची नाडी बांधू लागला. ती आधीच नीट बांधलेली होती.

आम्ही पुढच्या गावी निघालो. मौनी कानाला हेडफोन लावून त्यांचीच जुनी गाणी पुनःपुन्हा ऐकत होता. पेट्रोल भरण्यासाठी मी थांबलो तेव्हा तो खाली उतरून माझ्यापाशी आला.

“मामा, मशीनच्या पट्ट्याला कुठे जोड आहे का?”

“आहे. मागे तुटला होता, लोखंडी क्लिपा मारून सांधलाय. का रे?”

“तो जोड पुलीवरून जाताना वाजतो?”

“वाजतो की. प्रत्येक फेऱ्याला टक् करतो. आता मला ऐकूसुद्धा येत नाही.”

त्याने हेडफोन माझ्या कानाला लावले. प्रथम गिटार, लांब्याचा आवाज, भाचीचे ड्रम. मग मौनीने बोटाने हवेत ठोका धरून दाखवला, आणि या सगळ्याच्या तळाशी, मातीखालून यावा तसा, माझ्या मशीनचा पट्टा मला ऐकू आला. टक्. टक्. टक्. एवढ्या दूर, परमुलखात, आपल्या कारखान्याचा आवाज ऐकून मी हेडफोन कानावर आणखी दाबून धरले.

तोवर बाकीचेही खाली उतरून भोवती जमले होते. मग मौनी एका दमात जेवढे बोलला तेवढे मी त्याला कधी बोलताना ऐकले नव्हते. त्याचे म्हणणे असे: सगळी गाणी याच ठोक्यावर बसलेली आहेत, काही त्याच्या दुपटीत, काही निमपटीत. गावी असताना सराव करून लगेच कार्यक्रमाला जात असल्यामुळे तो ठोका अंगात मुरलेला राही. इथे तो रोज थोडा थोडा विरत गेला. आणि कानातली टिकटिक उपयोगी पडली नाही, कारण पट्टा काही घड्याळासारखा चालत नाही. कापसाचा हप्ता, म्हणजे एका वेळी घालायचा पुंजका, आत गेला की मशीन जड होते, ठोका थबकतो, मग पुन्हा सुटतो. लोक ज्याला श्वास म्हणत होते तो हाच.

वकील हसून म्हणाला, “म्हणजे इतके दिवस आपला ड्रमर मामांचा पट्टा होता?”

मलाही हसू आले. मौनीसुद्धा हसला.

“मग हिने काय वाजवलं?” लांब्या म्हणाला.

तो वाईट मनाने बोलला असे मी म्हणणार नाही. तो घाबरलेला होता. पण वाक्य तोंडातून गेले ते गेलेच. भाची गाडीत जाऊन बसली.

वकिलाने तोडगा काढला की ध्वनिमुद्रणातला पट्ट्याचा आवाज वेगळा काढून तिच्या कानात सोडावा. कल्पना वाईट नव्हती. पण भाचीने नकारार्थी मान हलवली. बाकीचे खायला गेल्यावर ती पुढे माझ्या शेजारच्या आसनावर येऊन बसली.

“मामा, पुढचा हप्ता कधी घालायचा हे तुला कसं कळतं?”

मी म्हणालो, मशीनचा आवाज जरा पातळ झाला की घालतो. त्याला वेगळे काही शास्त्र नाही.

“आणि आम्ही वाजवत असताना?”

हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. मी कारखान्यातील त्या दुपारी डोळ्यांपुढे आणण्याचा यत्न केला. हातात कापूस, समोर मशीनचे तोंड, पाठीमागे थप्प्यांपलीकडे भाची. भाची जोरात वाजवू लागली की मी कापूस तसाच हातात धरून उभा राही. आपला खडखडाट पोरीच्या मध्ये नको, एवढाच हेतू. ती ओसरली की मग हप्ता आत ढकली. हे मी ठरवून करत नव्हतो. पंगतीत वाढणारा माणूस जेवणाऱ्याच्या हाताकडे पाहून थांबतो, तसे ते होते.

मी तिला तसे सांगितले. हेही सांगितले की मी शपथेवर सांगू शकत नाही, कारण आपण कसे उभे राहतो हे माणूस स्वतः पाहत नसतो.

“म्हणजे मी पट्ट्याच्या मागे आणि तू माझ्या मागे,” ती म्हणाली.

“असेल तसं. पण कोण आधी आणि कोण नंतर, ते मला विचारू नकोस. मी शिकलेला नाही.”

“ते कोणालाच सांगता येणार नाही,” ती म्हणाली आणि मागे जाऊन झोपली.

मैदान प्रशस्त होते. ऊन होते, लोक गवतावर पसरले होते, कोणी खात होते, कोणी मुलांना खांद्यावर घेऊन हिंडत होते. मोठ्या बँडचा ड्रमवाला मंचाच्या कडेला काठ्या खिशात खोचून उभा होता, हे मी पाहिले. भाचीनेही पाहिले असणार. ती बसली, कानातले यंत्र काढून तिने खाली ठेवले. बाईंच्या कपाळाला आठी पडली.

पहिले गाणे तिने इतक्या संथपणे सुरू केले की लांब्याने गाण्यासाठी तोंड उघडले ते त्याला पुन्हा मिटावे लागले. तो वळून तिच्याकडे पाहू लागला. इतक्या दिवसांत गाताना त्याने मागे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही; तशी गरजच कधी पडली नव्हती. वकील दोन पावले पुढे पळाला आणि खजील होऊन परतला. मौनी मात्र तिच्या पायाकडे नजर लावून होता. ती वाजवत होती आणि ऐकत होती. गाणे पातळ झाले की ती एक घाव घाली, ते जड होई, ती वाट पाही, मग सोडून देई. ते आमच्या कारखान्यातल्या गाण्यासारखे नव्हते. काही ठिकाणी त्याहून कच्चे होते. पण गवतावर आडवे झालेले लोक कोपरांवर उठून बसू लागले.

दुसरे गाणे पडले. उगाच खोटे कशाला बोलू, चांगलेच पडले. मधल्या एका जागी चौघे चार दिशांना गेले आणि भाचीने वाजवणे थांबवले. मला वाटले, संपले. मैदानात कुठेतरी कोणी शिट्टी मारली. भाची काठ्या वर धरून तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिली, तिघेही तिच्याकडे पाहू लागेपर्यंत. मग तिने पुन्हा सुरुवात केली, आणि तिथून शेवटच्या गाण्यापर्यंत तिघांची नजर तिच्यावरून हलली नाही. प्रेक्षकांना त्यांचे तोंड कमी आणि पाठ जास्त दिसली असेल. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

कार्यक्रम झाल्यावर बाई आल्या. त्यांचे समाधान पूर्ण झालेले नव्हते. दुसऱ्या गाण्याचा उल्लेख त्यांनी केलाच. मग सकाळचाच प्रश्न पुन्हा विचारला की बँडचे काय म्हणणे आहे. वकील उत्तर देण्यासाठी घसा साफ करत होता. त्याच्या आधी लांब्याने मोडक्यातोडक्या परदेशी भाषेत काहीतरी सांगितले. ते एकच लहान वाक्य होते; वकिलाने मला अर्थ सांगितला, ड्रम हीच वाजवेल. ड्रमवाल्याने खिशातल्या काठ्या काढून भाचीला सलामासारख्या दाखवल्या आणि तो निघून गेला.

सामान भरताना लांब्याने तिचा सर्वांत जड ड्रम उचलला. एरवी ते काम माझे असे.

“पुढच्या गावी तूच सुरू कर,” तो म्हणाला. “किती हळू ते आधी सांगू नकोस. आम्ही येतो मागून.”

“दुसरं गाणं पडलं,” भाची म्हणाली.

“पडलं. माझ्यामुळे पडलं. तू वर ये आता, मामा खोळंबलेत.”

रस्ता सरळ होता. त्या दिवशी तिने कोणता ठोका धरला होता, याचे मला अतोनात कुतूहल होते. पट्ट्याचा तर तो नव्हताच. मी स्टीयरिंगवर बोटांनी तो आठवून वाजवू पाहिला. मागच्या आसनावरून, डोळे मिटूनच, भाची म्हणाली, तसा नाही मामा. मी दुसऱ्या तऱ्हेने वाजवला. तसाही नाही, ती म्हणाली. पुढचे गाव येईपर्यंत आमचे हेच चालले होते.