पिसाचे सहा पाय

चप्पल टेबलावर सपकन आपटली आणि काकू म्हणाल्या, "मेला एकदाचा!"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अगं, तो जिवंत कधी होता?"

चपलेच्या तळव्यात मासे धरायचा गळ रुतला होता. माशांना फसवायला काकांनी त्यावर पिसं आणि दोऱ्याने बांधलेला तपकिरी किडा नदीतल्या दगडाखाली राहतो तसाच हुबेहूब होता. शेपटीचे केस, पाठीवर मिटलेल्या पंखांची घडी, सगळं जागच्या जागी. फक्त पिसाचे सहा पाय चुरगळले होते.

"चप्पल लागली गळाला," काका हसले. "बरीच वजनदार आहे."

काकांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या. निवृत्तीनंतर तेच कसब किड्यांवर उतरलं. "आधी माणसांना खोटे दात, आता माशांना खोटं जेवण," काकू म्हणायच्या. पण यंदा काकांचा अंगठा थरथरायला लागला होता. पिसाच्या तंतूला गाठ मारली की किड्याचा गुडघा होतो; ती गाठच बसेना. मासेमारी बंद असलेल्या साऱ्या महिन्यांत हा एवढाच किडा जमला होता, आणि उद्या बंदी उठणार होती.

"असू दे. दरवर्षी सोबत येतो तो पोस्टमन टाकेल गळ, मी काठावर बसेन," काका म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की काकू चपलेतला गळ सोडवता सोडवता थांबल्या.

दुपारी काका घोरायला लागल्यावर काकू टेबलाशी बसल्या. नाकं मुरडत का होईना, इतकी वर्षं त्यांनी पाहिलं होतंच. एक किडा सुटला, दुसऱ्याची पिसं शिंकेबरोबर उडाली. त्या घरात कधी न ऐकलेले दोन-चार शब्द काकूंच्या तोंडून निघाले. मग एक किडा जमला. तो त्यांनी गुपचूप काकांच्या किड्यांच्या डबीत ठेवला.

संध्याकाळी काकांनी डबी उघडून भिंग लावलं. दोरा उलट्या बाजूने गुंडाळलेला होता. त्या घरात डावखुरं माणूस एकच होतं.

"अरे वा, हा एक राहिलाय वाटतं!"

"असेल की. तुमचं लक्ष कुठे असतं?" काकू भांडी घासत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी काका गुडघ्यापर्यंत भिजून, हसत घरी आले. "एवढा मोठा! दोरा तोडून किड्यासकट पळाला! पोस्टमनला विचार हवं तर."

"कुठला किडा?"

"तोच. राहिलेला."

दोघांनीही चेहरे अगदी गंभीर ठेवले. काकूंना ते फार वेळ जमलं नाही.

पुढच्या दिवशी सकाळी त्या टेबल पुसायला गेल्या, तर किडा बांधताना गळ पकडून ठेवणारा, टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवलेला चिमटा त्याच्या जागेवर नव्हता. काकांनी स्क्रू काढून तो दुसऱ्या कडेला, डाव्या हाताला सोयीचा पडेल असा फिरवून बसवला होता. समोर काकूंची खुर्ची होती. काका शेजारी स्टुलावर बसून मांडीवरच्या डब्यातली पिसं निवडत होते.

"बस," ते म्हणाले. "पाय तू बांध. चुकलीस तर मी आहेच ओरडायला."

"ओरडून तर बघा!" म्हणत काकू बसल्या. टेबलाच्या जुन्या कडेवर स्क्रूचा खोल वण राहिला होता. काकूंनी त्यावरून फडकं हळूच फिरवलं आणि पहिलं पीस मागितलं.