हरलेल्या कप्तानाचं भाषण

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या अख्ख्या कॅरिगबान गावाला माहीत आहे. नवरा होता तोवर तो टेबलाखालून पाय मारून मला आवरायचा. त्या दिवशीही त्याने मारला होता, पण मी कसली ऐकते!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी शिबेल एका डब्लिनच्या मुलाला रविवारी जेवायला घेऊन आली. डेक्लन त्याचं नाव, वायरमनचं काम करायचा. मी बटाटे वाढले तसा तो चक्क उभा राहिला आणि आमच्या भाषेत, म्हणजे आयरिशमध्ये म्हणाला, "आदरणीय गृहस्वामिनी, आपल्या आतिथ्याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे."

शाळेत शिकवतात ना, तसली भाषा. मला हसू आवरेना.

"अगं शिबेल, हा जेवायला आलाय की रेडिओवर बातम्या द्यायला?"

माझा भाऊ टाइग तर टेबलावर थापा मारून हसला. पोरगा कानापर्यंत लाल झाला, खाली बसला आणि इंग्रजीत म्हणाला, "बटाटे छान झालेत."

झालं. पुढे लग्न झालं, माझ्याच आवाराला लागून दोघांनी घर बांधलं, मेव जन्मली, पण माझ्या टेबलाशी डेक्लनच्या तोंडून आयरिशचा एक शब्द निघाला नाही. बोलायला गोड, कामाला वाघ, माझ्या घरातला एक दिवा त्याने बिघडलेला राहू दिला नाही. पण बोलणार इंग्रजीत. आणि एक जण इंग्रजीत बोलला की सगळं टेबल इंग्रजीत जातं, हे कुणाला सांगायला नको.

बरं, येत नाही असंही नाही! फुटबॉलच्या मैदानावर बघावं त्याला. "डावीकडे सोड! अरे त्याला धर, झोपलास का!" असा आयरिशमध्ये ओरडतो की चर्चपर्यंत ऐकू येतं. मैदानाबाहेर आला की माझ्यासमोर तोंडाला कुलूप.

आणि मी कोण? दर उन्हाळ्यात शहरातली मुलं आयरिश शिकायला ज्या घरी राहतात, त्या घराची मालकीण. तीनदा इंग्रजी बोलताना सापडलं की पोराला बॅग भरून परत पाठवते मी. जावयाला कुठे पाठवू?

तरी मी चालवून घेतलं असतं. पण यंदा ईस्टरच्या सुमारास चार वर्षांची मेव माझ्याकडे आली आणि दूध मागितलं ते इंग्रजीत. मी आयरिशमध्ये विचारलं, तर उत्तर पुन्हा इंग्रजीत. म्हणे, "आजीच्या घरी असंच बोलतात." 

शिबेलला सांगायला गेले तर ती माझ्यावरच उखडली. "आई, ही तुझीच करणी आहे. माफी माग त्याची."

"माफी? अगं, गंमत केली होती मी!"

"मग बस गंमत करत."

माफी मागणं मला जमत नाही. आमच्या घराण्यातच नाही ते. टाइग तर नांगर उसना नेऊन मोडून आणला तरी वर म्हणेल, लोखंडच कच्चं होतं.

यंदाच पोरांनी डेक्लनला कप्तान केलं, आणि मला वाट दिसली. दर जूनमध्ये आयरिश बोलणाऱ्या गावांच्या संघांची स्पर्धा असते, आणि यंदा ती आमच्याच मैदानावर होती. जिंकलेला कप्तान कप हातात घेऊन भाषण करतो. बाकीच्या स्पर्धांमध्ये दोन ओळी आयरिशच्या घोकून म्हणतात आणि मग सुटतात इंग्रजीत. इथे ती सोय नाही. इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत आयरिश. म्हणजे आम्ही जिंकलो की डेक्लन सगळ्या गावासमोर, माझ्यासमोर बोलणार. एकदा बोलला की गाठ आपोआप सुटणार, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. आहे की नाही डोकं?

शनिवारी उपांत्य सामना जिंकला. संघाचं धुणं माझ्याकडेच असतं, तर रात्री डेक्लनच्या चड्डीच्या खिशात घडी केलेला कागद सापडला. 'सन्माननीय मित्रहो, हा चषक स्वीकारताना...' एवढंच वाचलं. कितीदा खोडून लिहिलं होतं बिचाऱ्याने! पुढे वाचणार तोच तो दारात दिसला. मी कागद दिला, त्याने घेतला. त्या रात्री मी मेणबत्ती लावून देवाला म्हटलं, फुटबॉलसाठी आजवर कधी त्रास दिला नाही तुला. (खोटं होतं ते.)

सोमवारी अंतिम सामना, केरीच्या संघाशी. टाइग आमचा व्यवस्थापक, त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तासभराच्या खेळात मी माझा घसा पार बसवून घेतला. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे. आमच्या पोराला पाडलं, पंचाने फ्री किक दिली. लांबून होती. डेक्लनने बॉल जमिनीवर ठेवला, चार पावलं मागे गेला. आमच्या आयरिश फुटबॉलमध्ये बॉल दोन खांबांच्या मधून आडव्या दांड्यावरून गेला की एक गुण; गेला असता तर बरोबरी. मारलासुद्धा सुरेख! वाऱ्याने ओढला, उजव्या खांबाला लागला आणि बाहेर पडला. खांबाजवळच्या पांढऱ्या कोटातल्या पंचाने दोन्ही हात बाजूला पसरले, म्हणजे गुण नाही. गेला.

केरीच्या कप्तानाने भाषण केलं. लांबलचक. सासूच्या स्वयंपाकाचेसुद्धा आभार मानले मेल्याने. हरलेल्या कप्तानाला कोण माईक देतो? डेक्लन मैदानाच्या मध्यात गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. तो कागद त्याने मोज्यात खोचला होता, मला दिसत होता.

संध्याकाळी संघातली पोरं, घरचे, सगळे माझ्याकडे जेवायला. बाहेर अजून जूनचा लख्ख उजेड, आत मयताची कळा. खारवलेलं डुकराचं मांस, कोबी, बटाटे, कुणी हात लावेना. टाइगने तोंड उघडलं, "त्या वाऱ्याच्या आईला..." शिबेलने डोळे वटारले.

"माझ्यामुळे हरलो," डेक्लन म्हणाला. इंग्रजीत.

मी त्याच्याकडे बघितलं. तिशीतला बाप्या माणूस, आणि सहा वर्षांपूर्वीसारखाच लाल झालेला. तेव्हा मला कळलं की मी कपाच्या आशेवर बसले होते, आणि कप गेला केरीला. आता उरले मी. लाज वाटली मला, खरंच सांगते.

मी उठले. शेगडीवरची चहाची किटली उचलली, रिकामी करून पुसली आणि त्याच्यासमोर आणून धरली.

"घे."

"काय?"

"कप आहे. घे आणि भाषण कर."

"बॅरब्रा, नको ना." तो मला नावानेच हाक मारतो.

"अरे, त्या दिवशी मी हसले ते चुकलं." एवढंच म्हणायचं होतं, पण पुढचंही निघालं. "पाहुणा म्हणून आलास, चार शब्द जुळवून आणलेस, आणि मी दात काढले. माझी चूक. आता उभा राहा."

टाइगच्या हातातला काटा खाली पडला. आमच्या घराण्यात असं कुणी बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

डेक्लनने आधी हात पुसले. मग उठला, दोन्ही हातांत किटली धरली आणि आयरिशमध्ये सुरू झाला. "सन्माननीय मित्रहो, हा चषक स्वीकारताना मला अत्यानंद होत आहे." मी ओठ चावून बसले. टाइगकडे असं बघितलं की तोही श्वास रोखून बसला.

"केरीच्या संघाचे आम्ही... आम्ही..." अडला तो. खिशातून कागद काढला, बघितला आणि टेबलावर टाकून दिला.

"जाऊ दे मरू दे," तो म्हणाला. "शहाण्यासारखं बोलायला गेलं की माझी बोबडी वळते. पोरांनो, जिवाचं रान केलंत. टाइग, तुम्ही शिव्या घातल्यात तेवढ्या माझ्या बापानेही घातल्या नाहीत, देव तुमचं भलं करो. शिबेल, तू नसतीस तर मी डब्लिनात वायरी ओढत म्हातारा झालो असतो."

ही शाळेतली भाषा नव्हती. आमच्या खाडीच्या या काठावर बोलतात ती, माझ्या आईची, शब्दाची शेपटी गिळून टाकणारी. 

"आणि बॅरब्रा, लोकांना वाटतं मी तुमच्यावर रागावून गप्प होतो. होतो रागावलेला, वर्षभर. पुढची पाच वर्षं मी ऐकत होतो. तुम्ही कोंबड्यांना काय म्हणता, पोस्टमनला काय म्हणता, मेवला झोपवताना काय म्हणता. सगळं घेतलं तुमच्याकडून. बोलायचं धाडस तेवढं राहिलं होतं."

मी अ‍ॅप्रनने तोंड झाकून रडले. टाइगने नाक शिंकरलं. शिबेल रडत होती की हसत होती, मला दिसलं नाही.

मेव मात्र खुर्चीवर उभी राहून बापाकडे टकामका बघत होती. "बाबा," ती म्हणाली, आयरिशमध्ये, "तुला आजीसारखं बोलता येतं?"

"येतं गं," तो म्हणाला. मग किटली खाली ठेवून खुर्ची ओढली, बटाटा फोडला आणि मान वर न करता आयरिशमध्येच मला म्हणाला, "लोणी द्या इकडे."

मी दिलं.