नाडीवरचा पक्षी

वाटाड्याने वर्षभर मारलेली थाप त्या सकाळी सहा दुर्बिणी गळ्यात अडकवून त्याच्यासमोर उभी राहिली.

तसं त्याचं काम सोपं. सहलीला आलेल्या लोकांना बंदरापासून कड्याकड्याने टोकापर्यंत न्यायचं, समुद्र दाखवायचा (तो तसाही दिसतोच), फोटो काढून द्यायचे आणि संध्याकाळच्या बसच्या आत परत आणायचं. टोकाच्या अलीकडे मात्र वाट एकदम अंग चोरते. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि त्या काहीच-नाहीच्या तळाशी फेसाळणारं पाणी. कड्याच्या कमरेला बांधल्यासारखी ती वाट, म्हणून सगळे तिला नाडी म्हणत. वाटाड्याचे सासरे त्याच्याआधी हेच काम करायचे आणि खिशात हात घालून, शिट्टी वाजवत नाडी पार करायचे. पुढे एका वादळात त्यांना समुद्राने नेलं, असं सगळे सांगत. जावयाला त्यांची मुलगी मिळाली, कामही मिळालं. शिट्टी काही मिळाली नाही.

गेल्या वर्षी नाडीवर त्याचा पाय घसरला. एका झुडपाला लोंबकळत, देवाचं नाव घेत तो वर आला. कोणी पाहिलं नाही, पण तेव्हापासून नाडीवर पाऊल टाकायची त्याची हिंमतच होईना. मग त्याने पक्षी शोधून काढला. टोकावर एक दुर्मिळ पक्षी अंडं उबवतोय, माणसाची चाहूल लागली तर घरटं टाकून जातो, तेव्हा माफ करा, इथूनच परत! लोक हळहळत, कुजबुजत परतायचे. थाप खपतेय म्हटल्यावर त्याला चेव चढला. दर रविवारी तो पक्ष्याला एखादं पीस वाढवून द्यायचा. लाल डोळे, पांढरी शेपटी, दार करकरल्यासारखा आवाज. बारा महिने एकाच अंड्यावर बसण्याच्या त्याच्या चिकाटीबद्दल कोणी शंका घेतली नाही. आता ही पक्षीवेडी मंडळी मुद्दाम ती चिकाटी बघायला आली होती.

त्यात भर म्हणून सासूबाई. "आई घरात बसून कंटाळलीय, जरा हवा खायला घेऊन जा," असं म्हणत बायकोने त्यांना त्याच्या गळ्यात बांधलं होतं. डबा काखेत मारून सासूबाई सगळ्यांच्या पुढे चालत होत्या. नोकरी जायची भीती वाटाड्याला होतीच, पण खरी भीती वेगळी होती. त्या शिट्टीवाल्याच्या बायकोसमोर आपण नाडीपाशी अडलो, तर रात्री घरी कुठल्या तोंडाने जेवायला बसायचं?

नाडीपाशी आल्यावर त्याने नेहमीचं भाषण सुरू केलं. मंडळींचे प्रमुख दुर्बीणवाले साहेब हसले.

"अहो, आम्ही श्वाससुद्धा दबकत घेतो," म्हणाले आणि सरळ चालायला लागले. मागून बाकीचे पाच. सगळ्यांचे डोळे दुर्बिणीत, त्यामुळे खाली काय आहे हे बघायला कोणाला सवडच नव्हती.

वाटाड्या आणि सासूबाई अलीकडे राहिले.

"तुम्ही नाही जात?"

"कोणीतरी मागे थांबायला हवं, आई."

"कशाला? मी पळून जाणार आहे?" सासूबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जावईबापू, ज्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, तो माणूस गेल्या वर्षी बाथरूमला कडी लावून पँटची मागची बाजू शिवत होता. मी तेव्हाच समजले. बसा खाली."

"काय?"

"बूड टेका. पाठ कातळाला लावा आणि सरका. मी आहे मागे."

आणि तो सरकला. काय काय आठवलं म्हणून सांगू! आई आठवली, विम्याचा हप्ता आठवला. पण वाट संपली आणि तो पलीकडे होता. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता.

तिथे दुर्बीणवाले कमरेवर हात ठेवून उभे. "पक्षी कुठेय?"

"पक्षी नाही," वाटाड्या म्हणाला. "कधीच नव्हता. मला या वाटेची भीती वाटते, म्हणून सांगायचो."

मग जे व्हायचं ते झालं. फसवणूक, तक्रार, वरिष्ठ, सगळे शब्द निघाले. पाच जण तणतणत नाडीवरून परत गेलेही. साहेब निघाले आणि पहिल्याच पावलाला थिजले. आता दुर्बिणीतून बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे खालचं सगळं दिसलं.

"बसा, साहेब," वाटाड्या म्हणाला. "लाज वाटते, पण पोचतो माणूस."

साहेब बसले. पुढे साहेब, मध्ये वाटाड्या, मागे सासूबाई, अशी वरात सरकू लागली. निम्म्यावर वाऱ्याचा एक झोत आला, साहेबांच्या डोक्यावरची टोपी उडाली आणि थोडं खाली एका मुळीला अडकली.

"माझी टोपी!" साहेब कळवळले.

वाटाड्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. एकदा नाडी पार केलेला माणूस तो आता! हात लांब केला की झालं. त्याने एक पाय पोटाशी घेतला आणि उठायला लागला, तोच मागून कॉलर खेचली गेली.

"बसा खाली!"

"आई, इतकीशीच तर खाली आहे—"

"तुमचे सासरेही हेच म्हणाले होते."

वाटाड्या तसाच अर्धवट थांबला. "पण ते तर वादळात..."

"कसलं वादळ! लख्ख ऊन होतं, मी मागेच उभी होते. कुठल्याशा बाईची टोपी उडाली. ती नुसतं 'अगं बाई' म्हणाली आणि हे निघाले शिट्टी वाजवत. पुढे तिनेही तोंड उघडलं नाही, मीही नाही. टोपीपायी नवरा गेला, हे लोकांना कसं सांगणार? तुमच्या बायकोलाही वादळच माहीत आहे." त्यांनी कॉलर आणखी घट्ट धरली. "एकदा तरी भीती वाटायला हवी होती हो त्या माणसाला."

वाटाड्याने पाय सोडला आणि पुन्हा बूड टेकलं. टोपी मुळीवर थोडी फडफडली आणि खाली गेली. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"गेली, साहेब," वाटाड्या म्हणाला. "सरका पुढे."

ते सरकले. सासूबाईंनी त्याची कॉलर नाडी संपेपर्यंत सोडली नाही, आणि संपल्यावरही बराच वेळ सोडली नाही.