जवसाचा गुण

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू कहाणी सांगायला बसल्या, की आधी छाती फुगवतात. मला ते जमणार नाही. मला लाज वाटते, आणि ती का वाटते तेच आज सांगायचं आहे.

व्यंकटरावांनी मला कन्नडच्या आठवडी बाजारातून आणलं. एसटीत ते मला दोन्ही पायांत धरून बसले होते, इतका मी जड. पुंडलिकनगरच्या घरात त्यांच्या पत्नीने, कालिंदीबाईंनी, माझ्यात वर्षानुवर्षं सुंठ, वेलदोडे, शेंगदाणे कुटले. मग मिक्सर आला आणि माझी रवानगी ओट्याखाली झाली. पुढे व्यंकटराव गेले. घरात कालिंदीबाई आणि मुलगा वरद, दोघंच उरली.

वरद शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला बायपोलरचा आजार निघाला. चार दिवस न झोपता त्याने बैठकीच्या भिंतींवर यंत्रांचे नकाशे काढले. नंतर महिनाभर तो अंथरुणातून उठला नाही. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळ्यांचं प्रमाण बसवलं. तो सावरला, पण गोळ्यांमुळे हात थरथरू लागले. कँटीनमध्ये कपातला चहा सांडायचा आणि बरोबरचे हसायचे.

मग त्याने कुठंतरी वाचलं, की मेंदूला ओमेगा-३ नावाची मेदाम्लं लागतात आणि या आजारात त्यांचा उपयोग होतो. ती असतात मासळीच्या तेलात, आणि आमच्या घरात मासळीचं नावही काढायची सोय नाही.

"जवसातही असतात ती," वरद आईला म्हणाला. "तू जवसाची चटणी करत जा. गोळ्या मी बंद करतोय."

कालिंदीबाई रडल्या, विनवण्या केल्या. तो बधला नाही. मिक्सरमध्ये जवसाचा तेलकट गोळा होतो, म्हणून त्यांनी मला बाहेर काढून चिंचेने घासलं. इतक्या वर्षांनी कोणाला आपली आठवण झाली, म्हणून मी हरखून गेलो.

तिसऱ्या दिवशी वरद आंघोळीला गेल्यावर कालिंदीबाईंनी गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळी माझ्यात टाकून बारीक कुटली, तिखट-मीठ आणि भाजलेलं जवस घातलं, आणि ती चटणी फक्त वरदच्या डब्यात भरली. मग हे रोजचंच झालं.

लोखंडाला वाचा नसते, हे खरं. पण मला तेव्हा बोलावंसंही वाटलं नाही. कारण वरद बरा राहिला आणि नाव माझं झालं. घरी येईल त्याला तो मला उचलून दाखवायचा. "ह्याच्यातलं जवस खातो मी. गोळ्यांना रामराम." माझी आरती तेवढी करायची बाकी होती. कालिंदीबाई अशा वेळी आत जाऊन उगाच भांडी हलवायच्या.

एकदा वरद म्हणाला, "आई, अजून एक डबा भर. आमच्याकडं कारखान्यात करुणा म्हणून आहे, तिलाही माझ्यासारखंच आहे."

माझ्यातला बत्ता थांबला. "गोळ्या सोडू नको म्हणावं तिला," कालिंदीबाई हळूच म्हणाल्या.

"कशाला? माझं बघ की."

कालिंदीबाईंनी बत्ता पुन्हा उचलला. निव्वळ जवसाची चटणी कुटून त्यांनी डबा भरून दिला.

दोन महिन्यांनी एका रविवारी करुणाची आई दगडाबाई घर शोधत आली. तिने तो रिकामा डबा ओट्यावर ठेवला.

"तुमच्या पोराचं ऐकून लेकीनं गोळ्या सोडल्या, बाई. आठ दिस झालं दवाखान्यात हाय. झोपत नाय, मला वळखत नाय. मी भांडाया नाय आले. ह्याला ज्या चटणीनं गुण आला, तिनं माझ्या पोरीला का नाय आला, तेवढं सांगा."

वरद गोंधळून आईकडे बघू लागला. त्या दिवशीची गोळी माझ्यात कुटून झाली होती, जवस घालायचं राहिलं होतं. कालिंदीबाईंनी माझ्या तळाशी बोट फिरवलं आणि ते पांढरं बोट त्याच्यापुढे धरलं.

"गोळी रोज कुटून घालत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या एकट्याच्या डब्यात."



"म्हंजी तुमाला ठावं व्हतं," दगडाबाई म्हणाली. "तरी डबा भरून धाडला."

मित्रांनो, त्या दिवशी मला ओट्याखालचा अंधार फार हवासा वाटला.

पुढे डॉक्टरांनी मायलेकांना चांगलंच फैलावर घेतलं. कुटलेल्या गोळीतली किती पोटात गेली, कोण सांगणार? मासळीच्या तेलाचा उदासीत थोडाफार उपयोग होत असेल, त्याचा पुरावाही अजून कच्चाच. जवसातलं मेदाम्ल वेगळं, शरीर त्यातल्या फार थोड्याचंच मासळीतल्यासारखं मेदाम्ल बनवतं. खुशाल खा, पण गोळ्यांच्या जागी नव्हे. हात थरथरतात हे आधी सांगितलं असतं, तर प्रमाण बदलून दिलं असतं.

करुणा आता घरी आली आहे, पण कामावर जाण्याइतकी बरी नाही. वरद दर रविवारी तिच्याकडे जातो. पहिल्या दोन रविवारी दगडाबाईने त्याला दारातूनच परत पाठवलं.

माझे भाऊबंद म्हणतील, आम्हाला गंजू देऊ नका. मी वेगळं मागतो. आपलं माणूस औषध घेत नसेल तर त्याच्याशी भांडा, रडा, त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा. त्याच्या नकळत त्याच्या ताटात काही घालू नका.

वरद आता गोळी आईसमोर पाण्याबरोबर घेतो. चटणी अजून माझ्यातच कुटली जाते. पण पहिला घास घेण्याआधी तो ती ताटात बोटाने पसरून बघतो, आणि तेवढा वेळ कालिंदीबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतात.