पाठच्याचं पाणी

मशीन बंद पडलं तेव्हा थोरली कॅराव्हॅनच्या वीतभर ओट्यापाशी उभी राहून बटाटे सोलत होती. आधी तिला काहीच उमगलं नाही. हातातली सुरी मात्र आपोआप थांबली. काहीतरी राहून गेलंय असं वाटून ती क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग ध्यानात आलं की गेलं वर्षभर घरात, दवाखान्यात आणि आता या गाडीत अहोरात्र चाललेली ती घरघर ऐकू येत नाही. तेवढ्यात मशीनने लांबलचक शिट्टी फुंकली. वीज तुटली की ते अशीच शिट्टी मारायचं.

"बाबा!"

मागच्या पलंगावर उशांना टेकून बसलेल्या बाबांनी नाकातली नळी चाचपली. "हवा येत नाही गं," ते म्हणाले. बाहेर वारा पडला असं सांगावं, तशा साध्या आवाजात.

बाबांनी उभा जन्म तरणतलावाच्या काठावर काढला होता. अर्ध्या गावाला त्यांनी पोहायला शिकवलं, आणि उतारवयात त्यांचीच फुप्फुसं सुकत गेली. एका खोलीत, खाट आणि ऑक्सिजनचं मशीन यांच्यामध्ये हातभर नळीच्या त्रिज्येत वर्ष काढल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, की मला एकदा मोठं पाणी दाखवा, काठ न दिसणारं. धाकटी मालवाहू व्हॅन चालवायची, तिला गाड्यांचं भय नव्हतं. तिने ही कॅराव्हॅन भाड्याने ठरवली. थोरली छापखान्यात मुद्रितं तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच पोटापाण्याचा उद्योग असल्याने तिने गाडीवाल्याला इतके प्रश्न विचारले, की तो शेवटी म्हणाला, "ताई, गाडी नेताय की विमान?"

पण त्याच्या उत्तरांतली एक गोष्ट तिने मनात कोरून ठेवली होती. या गाडीतलं आंघोळीचं पाणी दोन तऱ्हांनी तापे, गॅसवर आणि विजेवर. आधीच्या मालकाने सगळी तारजोडणी एकाच इन्व्हर्टरवर घेतलेली. तेव्हा बाहेरून विजेची तार जोडलेली असेल तरच विजेचं बटण दाबायचं. "बॅटरीवर पाणी तापवाल तर पाणी तापेल, आणि बाकी सगळं थंड होईल," असं तो म्हणाला होता. बाबा त्या वेळी रिक्षात बसून होते. त्यांनी ते ऐकलं नव्हतं.

थोरलीने दारामागची पेटी उघडली. इन्व्हर्टरचा दिवा लुकलुकत होता. तिने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. मशीनने एक उचकी दिली, आत कुठेतरी पंखा फिरू लागला, आणि नेमका त्याच क्षणी न्हाणीच्या दाराशेजारी एक तांबडा ठिपका पेटला. गिझरचा दिवा. पुढच्या श्वासाला तो ठिपका, पंखा, सगळंच विझलं आणि पुन्हा ती शिट्टी सुरू झाली.

तिला सगळा उलगडा एकदम झाला.

त्यांच्या घरात एक रीत होती. आई असल्यापासूनची. जो न्हाऊन बाहेर येई, त्याने गिझर चालूच ठेवायचा, पाठच्यासाठी. "पाठच्याचं पाणी तापतंय" हे वाक्य त्या घरात दिवसातून चारदा ऐकू यायचं. भांडण झालेलं असो, अबोला असो, पाठच्याचं पाणी तापत ठेवायचं कुणी चुकवत नसे. आदल्या मुक्कामी गाडीला बाहेरची तार होती, तिथे तेच बटण दाबून त्यांनी पाणी तापवलं होतं. आज सकाळी ते या ओसाड किनाऱ्यावर आले. इथे तार नव्हती आणि खांबही नव्हता. दुपारी बाबांनी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, आणि थोरली अजून न्हायची आहे हे लक्षात ठेवून, जाता जाता, वर्षानुवर्षांच्या मायेने बटण दाबलं. आभाळ भरून आलेलं, छतावरचं सौर पॅनेल नावापुरतं. बॅटरी तेवढा वेळ गुपचूप पाणी तापवत राहिली, इतकंच.

थोरलीने गिझर बंद केला. फ्रिज, पंप, दिवे, जे जे दिसलं ते बंद केलं, आणि देवाचं नाव घेऊन इन्व्हर्टर पुन्हा लावला. मशीन चालू झालं. बाबांनी दोन-तीन श्वास ओढले असतील नसतील, तोच ते बंद पडलं. तिसऱ्यांदा तर नुसताच आवाज झाला. पिळून पिळून कोरड्या झालेल्या फडक्यातून थेंब काढावेत तसं ते चाललं होतं.

तिने कोपऱ्यातला लहान सिलिंडर ओढला आणि नळी त्याला लावली. नळीतून सूं आवाज आला तेव्हा तिच्या जिवात जीव आला, पण काटा पाहताच तो पुन्हा उडाला. काटा तांबड्या पट्टीला टेकलेला होता. सकाळी याच सिलिंडरच्या भरवशावर दोघींनी बाबांना पाण्यापर्यंत नेलं होतं. पावलं भिजवून ते इतके खुशीत आले, की "आता चला" म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"बॅटरी उतरली."

त्यांची नजर तिच्या खांद्यावरून न्हाणीच्या दाराकडे गेली आणि तिथेच खिळली. "मीच ना?"

"नाही हो. माझ्याकडून राहिलं चालू."

"तू अजून... न्हायलीस कुठे?"

"बाबा, बोलू नका. श्वास वाचवा. नंतर हवं तेवढं भांडा."

त्यांनी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर तिने जे पाहिलं ते याआधी कधी पाहिलं नव्हतं. आजाराला ते कधी भ्याले नव्हते. आता मात्र ते भ्यालेले दिसत होते, आणि त्याची तिला आणखी धास्ती बसली.

गाडीचं इंजिन चालू केलं की बॅटरी भरू लागते, मशीन चालतं. एवढं तिला ठाऊक होतं. चावी धाकटीच्या जाकिटाच्या खिशात होती, आणि धाकटी टेकाडापलीकडच्या दुकानात दूध आणायला पायी गेली होती. "गाडी काढायची तर सगळं आवरावं लागेल, मी आपली चालतच जाते," असं म्हणून ती निघाली होती. तिचा फोन टेबलावर पडलेला. नाहीतरी या किनाऱ्यावर फोनला रेंज नव्हती. थोरलीने तरी दोन्ही फोन उचलून पाहिले, खिडकीबाहेर हात लांब करून पाहिले.

बाबांच्या बोटाला लावलेल्या, ऑक्सिजन मोजायच्या चिमट्यावरचा आकडा नव्वदच्या खाली आला होता. तिच्या डोळ्यांदेखत तो आणखी एकाने उतरला.

किनारा जिथे वळतो तिथे, लव्हाळ्याच्या पलीकडे, आणखी एक गाडी उभी होती. सकाळी त्यातल्या जोडप्याने हात हलवला होता. तिथवर पळत जायचं म्हणजे बाबांना एकटं सोडायचं. न जावं तर इथे बसून काटा बघायचा. थोरली दारात गेली, परत आली, पुन्हा दारात गेली. आपण परत येऊ तेव्हा पलंगावर काय असेल हा विचार तिच्या मनात अर्धा आला, आणि तिने तो पुरा होऊ दिला नाही.

"जा," बाबा म्हणाले. "मी कुठे जातोय?"

दोघांनाही ते वाक्य जरा उशिरा ऐकू आलं. बाबांनी हसायचा प्रयत्न केला. "जा गं वेडे."

ती अनवाणीच धावली. वाळू ओली होती, पाय रुतत होते, आणि काही अंतर गेल्यावर लव्हाळ्याचे खुंट तळव्यांत शिरू लागले. ते दुखत होतं हे तिला कळत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी पाय असावेत इतक्या लांबून. मागून काही आवाज येतो का म्हणून ती दोनदा थांबली. आवाज यायचा तरी कसला? घरघर चालू असताना ती जागी असूनही ऐकत नसे. आता मात्र ती नसलेली घरघर सगळ्या किनाऱ्यावर भरून राहिली होती.

त्या गाडीबाहेर कापडी छत ताणलेलं होतं. छताखाली एक टकला, थोराड माणूस घडीच्या खुर्चीचा निखळलेला पाय बसवत होता, आणि त्याची बायको पातेल्यात वाकून केस धूत होती.

"वडील..." थोरलीला धाप लागली होती. "ऑक्सिजनवर आहेत. बॅटरी संपली. मशीन बंद आहे."

"मग इंजिन चालू करा की!"

"चावी नाही. बहीण घेऊन गेलीय."

त्या माणसाने पुढे एक शब्द विचारला नाही. खुर्ची भिरकावून तो चालकाच्या जागी चढला. "बस आत!"

"अहो, छत!" बायको ओरडली. "छत बांधलंय अजून!"

"जाऊ दे छत!"

"अहो, पण दोरी टेबलाला..." असं म्हणत तीही, केसांतून पाणी निथळत असताना, चालत्या गाडीत चढली. कापडी छत फडफडत, टेबल फरफटत, एक पातेलं मागे वाळूत लोळत, अशी ती वरात किनाऱ्यावरून निघाली. वेगळ्या दिवशी थोरली हसून हसून लोळली असती. आज ती पुढच्या काचेला नाक लावून फक्त आपल्या गाडीचं उघडं दार मोठं होताना पाहत होती.

ती आत शिरली. सिलिंडरची सूं थांबली होती.

बाबांचे डोळे मिटलेले होते. ओठ निळसर पडले होते आणि शिट्टी वाजवावी तसे गोल झाले होते. थोरली पलंगाशी पोचली. खाली बसून तिने त्यांचा हात धरला. बाबांनी डोळे न उघडता दुसऱ्या हाताचं एक बोट वर केलं, वर्गात मास्तर गप्प बसायला सांगतात तसं. ते श्वास घेत होते. अगदी थोडा, जपून, तळहातावरचं पाणी सांडू नये तसा घेत होते आणि त्याहून सावकाश सोडत होते.

"वायर कुठे देऊ?" खिडकीबाहेरून त्या माणसाचा आवाज आला. त्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं. बायकोने खिडकीतून पिवळ्या वायरचं वेटोळं आत ढकललं. घाईत थोरलीला मशीनची पिन सॉकेटमध्ये बसवता येईना. शेवटी ती बाई स्वतःच आत आली, तिच्या हातातून पिन घेऊन बसवली आणि बटण दाबलं.

घरघर सुरू झाली. नळीतून वारा आला. आकडा मात्र हलेना.

"का हलत नाही?" बाई कुजबुजली.

"याला वेळ लागतो," थोरली म्हणाली. "आधी साधीच हवा येते. मशीन तापल्यावर ऑक्सिजन."

हे तिला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि ती वाट पाहणं वेगळं. दोघी त्या इवल्या आकड्याकडे पाहत राहिल्या. त्या बाईच्या केसांतून पाणी टपटपत होतं, पलंगाच्या चादरीवर ओल पसरत होती, पण कुणी जागचं हललं नाही. आकडा खाली गेला. तिथेच थांबला. थोरलीने मनातल्या मनात सगळ्या चुका आपल्या नावावर मांडल्या. बाबांना बटणाचं सांगायला हवं होतं. चावी ठेवून घ्यायला हवी होती. सकाळी पाण्यावर "आता चला" म्हणायला हवं होतं.

मग आकडा एकाने वर गेला. पुन्हा एकाने. बाबांच्या ओठांचा गोल सैल झाला.

धाकटी टेकाड उतरली तेव्हा तिला दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या दिसल्या, मध्ये ताणलेली पिवळी वायर, आणि वाळूत फरफटलेल्या टेबलाचा माग. दुधाची पिशवी तिथेच टाकून ती धावत आली. काय घडलं ते कळल्यावर तिने आधी इंजिन चालू केलं, आणि मगच तिचा आवाज फुटला.

"बटण कुणी दाबलं?" भीतीपायी ती ओरडत होती. "ताई, इतकं समजावून सांगितलं होतं त्याने! तूच तर दहादा विचारलं होतंस!"

"माझ्याकडून राहिलं," थोरली म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," बाबा पलंगावरून म्हणाले. "मी दाबलं. हिचं पाणी तापत ठेवलं होतं."

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं.  ती खाली पायरीवर जाऊन बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. तो टकला माणूस फाटलेलं छत गुंडाळण्याच्या निमित्ताने लांब गेला.

बऱ्याच वेळाने बाबांनी विचारलं, "आता परत फिरायचं?"

 दोघींनाही ठाऊक होतं, बाबांना घरची ती खोली दिसत होती.

"आज जिथे तार आहे तिथे मुक्काम," थोरली शेवटी म्हणाली. "कालच्याच ठिकाणी. उद्याचं उद्या बघू."

"उद्याचं उद्या म्हणजे नाही," बाबा म्हणाले. "लहानपणी मीच तुम्हाला असं सांगायचो."

थोरली खाली बसून पायांत शिरलेली कुसळं काढू लागली. आताशी कुठे तिचे तळवे दुखू लागले होते.

उजेड मावळायच्या आत ते निघाले. पुढे ती दुसरी गाडी होती, मागे धाकटी, नेहमीपेक्षा निम्म्या वेगाने. थोरली पलंगाशेजारी जमिनीवर बसली होती. मशीनच्या कोमट पत्र्यावर तिने तळहात ठेवला होता आणि रस्त्यात खड्डा आला की तिची बोटं आपोआप आवळत होती. बाबा मान वळवून मागच्या काचेतून पाण्याकडे बघत होते. वळण आलं, झाडं आडवी आली, तरी ते बघतच राहिले. आपण पुन्हा येऊ, हे तीन शब्द तिच्या ओठांवर आले होते. पण घरघर चालू आहे ना, एवढंच ती ऐकत राहिली, आणि ते तिच्याने म्हणवलं नाही.