ग्लॅडस्टनचं जिवंत तेल

ग्लॅडस्टन संदेष्ट्याने वेदीवरच्या कापडाखाली हात घातला, नळीतून बाटलीत काळं तेल फसफसत गळ्यापर्यंत चढलं आणि मंडपभर 'हालेलुया'चा गजर झाला. खाडीकाठच्या या माणसांनी जन्मभर तेल पाहिलं ते तेलविहिरींतून सांडून खारफुटीच्या मुळांना चिकटलेलं, मेलेलं. वर चढणारं तेल त्यांना मेल्यावर उठलेलंच वाटणार.

"तेल चढेल तसं लेकरू उठेल," संदेष्टा म्हणाला. "दवाखान्याची सुई लागली, की तेल मेलं."

आयेबाच्या मांडीवर चार वर्षांची तारेला होती. सहा दिवस ताप, आणि आता श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ही तिसरी बाटली. आधीच्या दोन्ही घरी नेईपर्यंत अर्ध्यावर आल्या होत्या, तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं.

"पप्पा, माझंच का आटतं?" आयेबाने विचारलं. संदेष्ट्याला सगळे पप्पाच म्हणत.

"पोटात दडवलेलं पाप सांग, बाई. तेल खोटं बोलत नाही."

बहिणीशी झालेलं भांडण तिने कधीच सांगून टाकलं होतं. आता ती न केलेली पापंही कबूल करायला तयार होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे काडीच बुडवायला निघाली होती.

शाळेच्या इनेमो बाईंनी तिला दोनदा दवाखान्यात चल म्हणून सांगितलं होतं. ती आली नव्हती. शिक्षिका होण्याआधी बाईंनी अकरा वर्षं विहिरींचं तेल तपासलं होतं. त्या पुढे आल्या आणि त्यांनी आधी मेणबत्त्या विझवल्या.

"वेदीचा अपमान करताय," संदेष्टा म्हणाला.

"भडका उडण्यापेक्षा अपमान बरा. पप्पा, एक पेला मला भरा, एक तुम्ही धरा. तुमची श्रद्धा तर पक्की ना?"

लोक हसले. त्याला नाही म्हणायची सोय उरली नाही. दोन्ही पेले काठोकाठ फसफसले. मंडपात तारेलाची घरघर तेवढी ऐकू येत होती. पंधरा मिनिटांत दोन्ही पेले सारखेच खाली बसले. बाईंनी संदेष्ट्याचा पेला तिरका केला, तर मघाशी पाण्यासारखं धावणारं तेल ओघळायला तयार होईना.

"आता पप्पांचं पाप कोण विचारणार?" एक म्हातारा नावाडी म्हणाला.

बाईंनी कापड ओढलं. खाली तोटीची जाड पोलादी नळकांडी होती.

"हे विहिरीच्या तोंडाशी दाबाखाली भरलेलं तेल. जमिनीत दाबामुळे वायू तेलात विरघळलेला असतो, त्याने तेल फुगतं, पातळ राहतं. तोटी उघडली की दाब जातो, वायू फेस काढत निघून जातो. मागे उरतं ते कमी आणि घट्ट. कुणाच्याही घरी हेच होणार."

ग्लॅडस्टन काहीतरी बोलला, पण कुणी ऐकलं नाही.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?" आयेबाने विचारलं.

"नाही गं. तुझ्यामुळे काहीच नव्हतं."

"मग मी सहा दिवस हिला..." ती ताडकन उठली. नावाड्याने पोरीला उचलून आपल्या होडीत नेलं, मागोमाग आयेबा आणि बाईही बसल्या. दवाखाना दोन तासांवर होता. पोर वाचेल का, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी खोटा धीर दिला नाही.

असा कुणी तुमच्या दारी आला, तर आधी लेकराला दवाखान्यात न्या. बाटलीचं काय होतं, ते मागाहून सावकाश बघा.