पोचा आलेलं मशीन

“मागे हो,” वॉल्ट म्हणाला, आणि इर्मा मागे व्हायच्या आत त्याने पहार घातली.

टाइलचा कपचा उडाला तो थेट तिच्या गालाला लागला. तिने हात लावून पाहिलं, बोटाला रक्त आलं. वॉल्टनेही ते पाहिलं आणि उलट तिच्यावरच खेकसला, “सांगितलं ना मागे हो म्हणून! कान फुटलेत का तुझे?”

“झाले बाबा मागे,” ती म्हणाली आणि फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. डावा हात आपोआप बरगड्यांवर गेला. महिना होत आला तरी तिथे अजून पुरता श्वास घेता येत नव्हता.

काम खरं तर किरकोळ होतं. सकाळी दुकानातली दोन माणसं भांडी धुण्याचं नवीन मशीन घेऊन आली होती. जुनं काढायचं, नवं सरकवायचं, नळाला जोडायचं आणि चालू लागायचं. पण त्यांतला थोराड माणूस गुडघ्यावर बसला, जुन्या मशीनखाली बॅटरी मारून बघितलं आणि त्याने शीळच घातली. जुनं मशीन मूळच्या जमिनीवर बसलेलं. त्याच्या पायांपर्यंत आणून कुणीतरी नवी फरशी घातलेली, चांगली दोन बोटं उंच. वर ओटा, पुढे टाइल. ना ते वर उचलता येत होतं, ना पुढे ओढता येत होतं.

“काका, ह्याला तर जिवंत पुरलंय की! कुठल्या शहाण्याने घातली ही फरशी?”

“मी,” वॉल्ट म्हणाला.

तो माणूस हसला. मनात काही वाईट नव्हतं बिचाऱ्याच्या, पण हसला. फरशी फोडणं आमच्या कामात बसत नाही म्हणाला, आणि खोकं पोर्चवर ठेवून दोघे निघून गेले. वॉल्टची मान कॉलरपासून वर लाल होत गेलेली इर्माने पाहिली. त्या हसण्याचं उट्टं कुणावर निघणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

वॉल्ट हुडाकने उभ्या आयुष्यात कधी बायकोची माफी मागितली नाही. तो त्याऐवजी घरात काहीतरी बांधत असे. तिचा डोळा सुजला, त्या आठवड्यात कोठीघरात नव्या फळ्या लागल्या. मनगट मुरगळलं तेव्हा न्हाणीघराला खिडकी झाली. हात सोन्याचे होते मेल्याचे, काम अगदी रेघेत. यंग्सटाउनच्या त्या गल्लीतल्या बायका तिला म्हणायच्या, “नशीब काढलंस गं इर्मा. आमच्याकडे साधा खिळा ठोकायचा तर वर्ष जातं.” इर्मा हसून कॉफी ओतायची. काय बोलणार? घर खरंच सुंदर होतं.

पण हल्ली वॉल्टचे गुडघे गेले होते. खाली बसून काम होईना. म्हणून ह्या वेळी, बरगड्यांनंतर, तो तिला गाडीत घालून दुकानात घेऊन गेला आणि मागच्या भिंतीशी, खरचटलेला माल ठेवतात त्या रांगेतलं सगळ्यात स्वस्त मशीन निवडलं. डाव्या अंगाला मुठीएवढा पोचा होता.

“बाजू ओट्यात जाणार,” वॉल्ट म्हणाला होता. “कोण बघतंय?”

तो नेहमी असाच विचार करायचा. बरगड्या तरी कोण बघतंय! बरगड्या स्वस्तात गेल्या, असं तिच्या मनात आलं आणि तिला तिथेच, दुकानात, हसू फुटलं. हसल्यावर पुन्हा दुखलं.

आणि तरीही तिला आनंद झाला होता, लाज वाटावी इतका. सगळा जन्म ती शाळेच्या स्वयंपाकघरात मोरीवर होती. तिथे खोलीएवढं मशीन, शेकडो पोरांच्या ताटल्या वाफाळत बाहेर यायच्या. घरी आलं की मात्र पुन्हा हाताने घासणं, कारण घरचं मशीन बंद पडून जमाना झाला होता आणि त्यात बटाटे ठेवलेले असायचे. मनगटं इतकी कामातून गेली होती की कपाचा कान धरवेना. डॉक्टर म्हणाले होते, बाई, आता पाण्यातून हात काढा.

म्हणून आजचा दिवस तिला धड जायला हवा होता. मशीन बसावं, कुणावर हात उठू नये, आणि मुलाला, ट्रॉयला, काही कळू नये. सगळ्यात मोठी भीती ट्रॉयचीच. पोराचा हात बापासारखाच जड होता. तो अजून कुणावर उठला नव्हता, आणि उठू नये म्हणूनच ती आयुष्यभर कधी पायऱ्यांवरून पडत आली होती, कधी कपाटाच्या दारावर आपटत आली होती.

आणि वॉल्टने फोन करून बोलावलं होतं ते नेमकं ट्रॉयलाच.

तो आला, हत्यारांची पेटी जमिनीवर ठेवली आणि आधी आईकडे पाहिलं. “मॉम, गालाला काय झालं?”

“टाइल उडाली रे. काही नाही.”

“आणि अशी वाकडी का उभी आहेस?”

“तुझी आई आता म्हातारी झाली,” वॉल्ट म्हणाला. “ये, इकडून धर. तोंड नंतर चालव.”

बापलेक भिडले. वॉल्ट उभ्याउभ्या पहार घालत होता, ट्रॉय गुडघ्यांवर बसून छिन्नी-हातोड्याने कडा फोडत होता. निळ्या-पांढऱ्या टाइल तडातड फुटत होत्या. कपाटातल्या बशा नाचत होत्या. धुरळ्याने इर्माच्या तोंडात चुन्याची चव आली. वॉल्टने स्वतःच्या हाताने, दोरी धरून, एकेक टाइल बसवलेली ती फरशी. आता तो तिच्यावर असा तुटून पडला होता की ट्रॉयने दोनदा हात मागे घेतले.

“डॅड, जरा दमाने. माझी बोटं आहेत इथे.”

“मग काढ बोटं!”

“चांगली फरशी होती हो. मला आठवतंय तुम्ही घातलेली. मी पहिलीत होतो.”

वॉल्टने आणखी एक टाइल उडवली. त्याने पहारीचं टोक मशीनखाली घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. ओट्याची कड कडाडून चिरली, पत्रा किंचाळला, आणि मशीन एकदाचं एका बाजूने बाहेर आलं. ट्रॉयने दुसरी बाजू ओढली. ओट्याखाली काळं भोक उरलं. उंदराच्या लेंड्या, एक चमचा, बाटलीची दोन झाकणं, बोटभर धूळ.

ट्रॉयने हाताने ती धूळ पुढे ओढली आणि थांबला. धुळीतलं काहीतरी उचललं, पँटला पुसलं, तळहातावर धरलं.

“टाइलचा तुकडा असेल,” वॉल्ट म्हणाला. “टाक तो.”

“मूळ आहे ह्याला,” ट्रॉय म्हणाला.

इर्माची जीभ तोंडात आपल्या जागी गेली. वरच्या डाव्या बाजूची ती फट, जिथे तिने पुढे खोटा दात बसवून घेतला होता. तिला एकदम सगळं आठवलं. नीट न धुतलेली ताटली, वॉल्टची मूठ, ओट्याची कड. आणि त्यानंतरचा लहानगा ट्रॉय.

त्या वर्षी त्याचा पहिला दात पडला होता. उशीखाली ठेवला, सकाळी परीने दात नेऊन त्या जागी नाणं ठेवलेलं. पोरगं आनंदाने वेडं झालं होतं. आणि त्याच आठवड्यात आईचा दात पडला. आई म्हणाली, पोर्चच्या पायऱ्यांवरून पडले रे बाळा. मग तुझा दात कुठे आहे, त्याने विचारलं. हरवला. हरवला? म्हणजे परी येणार नाही? केवढा रडला होता. बर्फात, मोजे न घालता, बॅटरी घेऊन पायऱ्यांवर बसला होता शोधत. हाताने बर्फ उकरत होता. वॉल्टने त्याच आठवड्यात पायऱ्यांना कठडा लावला, शेजारपाजारच्यांना दाखवायला. आणि स्वयंपाकघरातला रक्ताचा डाग निघेना, म्हणून वरून नवी फरशी घातली, घाईघाईने, मशीन बाहेर न काढता.

“मॉम,” ट्रॉय म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. “मी पायऱ्यांवर शोधत होतो.”

तिने त्याच्या तळहातावरून नजर काढली.

“मी पायऱ्यांवर शोधत होतो गं. आणि हा इथे होता.”

“पुरे झाली नाटकं,” वॉल्ट म्हणाला. “टाक म्हणतो ना!” त्याने ट्रॉयच्या हातावर फटका मारला. ट्रॉयने मूठ मिटली. मग वॉल्ट इर्माकडे वळला, कारण तो शेवटी नेहमी इर्माकडेच वळायचा. “तू काय बघतेस? काय सांगून ठेवलंयस ह्याला?” आणि त्याने तिच्या खांद्याला असा धक्का दिला की ती बरगड्यांवरच ओट्यावर आपटली. तिच्या तोंडून आवाज निघाला. तिला तो दाबायचा होता. दाबला गेला नाही.

ट्रॉयने तो आवाज ऐकला.

पुढचं इतकं झटकन झालं की तिला धरायलाही सवड मिळाली नाही. ट्रॉयने बापाच्या हातातली पहार हिसकली, ती आडवी करून त्याच्या छातीवर घातली आणि त्याला फ्रीजवर आदळलं. फ्रीजवरची नातीची, मार्नीची, चित्रं खाली पडली. वॉल्टने त्याच्या कानशिलात लगावली, मग नाकावर. ट्रॉयच्या नाकातून रक्त ओठांवर आलं, पण तो हलला नाही. पहार वर सरकत गळ्याशी गेली.

“इथे दाबलंस ना तिला? असंच? बोल! बोल ना रे!”

वॉल्टला बोलता येत नव्हतं. त्याचा चेहरा जांभळा पडत चालला होता, टाचा फुटक्या टाइलवर घसरत होत्या. इर्माने ट्रॉयकडे पाहिलं. तो चेहरा तिच्या चांगल्याच ओळखीचा होता. दात तसेच आवळलेले, डोळे तसेच रिकामे. इतकी वर्षं ती ज्याच्यासाठी पडत राहिली, ते सगळं एका मिनिटात पाण्यात चाललं होतं.

“ट्रॉय, सोड.”

त्याला ऐकू गेलं नाही. ओरडून उपयोग नव्हता. ह्या घरात ओरडण्याने कधी कुणी थांबलं नव्हतं. ती पुढे झाली आणि तिने आपला हात, तो वाकडा, सुजलेल्या मनगटाचा हात, पहार आणि वॉल्टचा गळा यांच्या मधे घातला.

आता दाबायचं तर ट्रॉयला आईची बोटं चिरडावी लागणार होती. त्याने पाहिलं. हळूहळू त्याचे डोळे परत आले. पहार खाली पडली आणि राहिलेल्या टाइलपैकी आणखी एक फुटली.

वॉल्ट फ्रीजला घासत खाली बसला, खोकत, गळा धरून.

“त्याला का वाचवलंस?” ट्रॉय रडत म्हणाला. “त्याला कशाला वाचवायचं?”

“त्याला नाही वाचवलं,” इर्मा म्हणाली. “दे इकडे.”

“काय?”

“दात दे. माझा आहे.”

त्याने मूठ उघडली. तिने तो ॲप्रनच्या खिशात टाकला, ॲप्रन काढून घडी केली, मग काय वाटलं कोण जाणे, सगळा ॲप्रनच पर्समध्ये कोंबला. खुंटीवरून कोट काढला. मोरीत सकाळची भांडी पडली होती, अंड्याची ताटली वाळत चालली होती. ती त्यांच्याकडे पाहत क्षणभर थांबली. उष्टी भांडी तशीच टाकून ती ह्या घरातून कधी बाहेर पडली नव्हती.

“इर्मा,” वॉल्ट खालून म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. “इर्मा, ऐक. मी फरशी घालून देतो. उद्याच. नवीन टाइल आणतो, तुला हव्या त्या रंगाच्या. ह्या वेळी नीट घालतो. सगळं आधी बाहेर काढून घालतो.”

आणि तो खरंच घालणार होता. गुडघे नसले तरी बसून, सरकत, घालणार होता, आणि सुंदर घालणार होता. तिला हे माहीत होतं म्हणूनच तिला फार वाईट वाटलं.

“घाल,” ती म्हणाली. “तुला पाहिजे तर घाल.”

पोर्चवर ते खोकं होतं. तिने त्यावर हात ठेवला. “हे उचल, ट्रॉय.”

“मशीन? मॉम, राहू दे गं ते. मी तुला नवीन घेऊन देतो, चांगलं.”

“नवीन कशाला? हे मी कमावलंय. आतलं बाकीचंही मीच कमावलंय, पण ते उचलता येत नाही.”

ट्रॉयने तिच्याकडे पाहिलं. मग कोठीच्या फळ्या, न्हाणीघराची खिडकी, हाताशी असलेला पायऱ्यांचा कठडा, असं सगळं त्याच्या डोळ्यांपुढून जात असावं. कठड्याला हात न लावता त्याने मशीन पायऱ्यांवरून एकट्याने खाली नेलं आणि आपल्या ट्रकच्या हौद्यात चढवलं.

दोन चौक मागे पडले. ट्रॉयचं नाक अजून वाहत होतं, रुमाल लाल झाला होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. इर्माने त्यातला एक हात धरला आणि धरूनच ठेवला.

“हल्ली दाताचा भाव काय चाललाय रे?” तिने विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, “मार्नीला दोन डॉलर देतो. त्याखाली ऐकत नाही कार्टी.”

“माझा जुना आहे,” इर्मा म्हणाली. “जास्त लागतील.”

तो हसायला गेला आणि हुंदकाच आला. ट्रक खड्ड्यात गेला, मागे खोकं धाडकन आदळलं. घाईत दोर बांधायचा राहूनच गेला होता.

“सावकाश चालव, बाळा,” ती म्हणाली. “आधीच एक पोचा आहे त्याला. दुसरा नको.”